डिटेक्टिव्ह गेम घेण्याआधी त्याचे रिव्ह्यू कसे वाचावेत

मारामारीच्या किंवा क्रिकेटच्या गेमचा रिव्ह्यू वाचणं सोपं असतं. दिसतो कसा, अडकत-बिडकत नाही ना, एवढं कळलं की झालं. कोडी सोडवत खुनाचा छडा लावायच्या गेमचं तसं नाही. हा गेम एकदाच खेळता येतो. खुनी कोण ते कळल्यावर दुसऱ्यांदा खेळण्यात राम नाही. त्यात पुन्हा गेममधलं जे सगळ्यात भारी असतं, तेच समीक्षकाला लिहिता येत नाही. लिहिलं तर शिव्या खातो. म्हणून हे रिव्ह्यू थोड्या वेगळ्या रीतीनं वाचावे लागतात.

पहिलं: आकडा कशाचा आहे ते बघा

"एवढे मार्क पडलेत म्हणतात, घेऊ का?" हा प्रश्न मला लातूरच्या रूमवरच्या पोरांकडून येतो, तसाच संभाजीनगरात कंपनीत लागलेल्यांकडूनही. लातूर पॅटर्नच्या मुलखातली माणसं आपण, मार्कांवर जाणारच. पण मेटाक्रिटिक या रिव्ह्यू गोळा करणाऱ्या साइटचा आकडा ही समीक्षकांच्या गुणांची साधी सरासरी नसते. काही प्रकाशनांना जास्त वजन असतं आणि कुणाला किती, ते साइट सांगत नाही. ७५ आणि त्यावर हिरवा, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातला टक्का आणखी निराळा. तिथं गुण नसतातच, अंगठा वर की खाली एवढंच. ९५ टक्के म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव जणांनी अंगठा वर केला. त्यातल्या निम्म्यांना गेम नुसता 'चालेल' असा वाटला असला तरी आकडा तोच राहतो. आकड्यावरून गेम अगदीच भंगार नाही एवढं समजा आणि पुढं सरका.

दुसरं: उत्तर बरोबर आलं हे गेम कसं सांगतो, ते शोधा

माझ्या मते सगळी मेख इथं आहे. रिव्ह्यूत चित्रं, संगीत, कथा यावर परिच्छेदच्या परिच्छेद असतात. ते भराभर वाचा आणि एकच गोष्ट हुडका: खेळणाऱ्यानं तर्क केला, तो बरोबर का चूक हे त्याला कळतं कसं? ज्या समीक्षकानं याचं उत्तर दिलंय, त्याला हा प्रकार कळतो असं धरा.

२०१८ साली आलेल्या 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'चं उदाहरण घ्या. लुकास पोप या एका माणसानं बनवलेला गेम. बेपत्ता झालेलं जहाज १८०७ साली रिकामंच परत येतं आणि आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा तपासनीस. जहाजावरच्या साठ जणांपैकी कोण कोण होतं, कुणाचं काय झालं, हे वहीत भरायचं. गंमत अशी, की एखादं नाव बरोबर भरलं तरी गेम लगेच होय म्हणत नाही. तिघांची माहिती पूर्ण बरोबर झाली, की त्या तीन नोंदी एकदम पक्क्या होतात. त्यामुळं नुसता तुक्का मारून फार लांब जाता येत नाही, आणि तीन बरोबर आल्यावर खुर्चीतून उठून नाचावंसं वाटतं. समीक्षकांनी हा गेम डोक्यावर घेतला. २०१९ मध्ये गेम डिझाइनचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कारही त्याला मिळाला. जहाजावर भारतीय खलाशीही आहेत. त्यांची ओळख कशी पटते ते मी सांगणार नाही, पण पटल्यावर बरं वाटतं.

'द केस ऑफ द गोल्डन आयडल' (२०२२) मध्ये दृश्यात सापडलेले शब्द उचलून गाळलेल्या जागा भरायच्या असतात. दोन किंवा कमी चुका राहिल्या, की गेम तसं सांगतो. इथं शेवटी शेवटी थोडी तुक्केबाजी चालते, पण माणूस अडकून पडत नाही. कामावरून दमून आल्यावर खेळणाऱ्याला मी ओब्रा डिनपेक्षा हाच गेम सुचवीन.

दुसऱ्या टोकाला 'गॅब्रिएल नाइट ३' (१९९९). त्यातलं मांजराच्या केसांचं कोडं अजूनही लोकांच्या तोंडी आहे. मोटारसायकल भाड्यानं मिळावी म्हणून नायकाला दुसऱ्याच माणसाचं सोंग घ्यायचंय. त्यासाठी मांजराचे केस मिळवून त्यांची खोटी मिशी करायची. बरं, ज्याचं सोंग घ्यायचं त्याला मिशीच नाही! मग त्याच्या ओळखपत्रावरच्या फोटोला पेनानं मिशी काढायची. हे कुणाला सुचावं? देवगिरी किल्ल्यातली अंधारी वाट शत्रूनं वाट चुकावी म्हणूनच केलेली होती. गेम बनवणाऱ्याचा हेतू उलटा असायला पाहिजे. रिव्ह्यूत 'विक्षिप्त', 'डोक्याला ताप' असे शब्द दिसले, की समीक्षकानं एखादं कोडं उदाहरणादाखल दिलंय का ते बघा. उदाहरण नसेल तर त्या शब्दांना फार किंमत देऊ नका.

'प्रोफेसर लेटन'च्या मालिकेबद्दल वेगळीच तक्रार वाचायला मिळते: कोडी छान, पण कथेशी त्यांचा संबंध काय? गावातला कुणीही उठतो आणि काडेपेटीच्या काड्यांचं कोडं घालतो. २००७ साली जपानात आलेल्या पहिल्या भागात शंभराहून जास्त कोडी आहेत. ती बसवण्यात अकिरा तागो या कोडी रचणाऱ्या प्राध्यापकांचा हात होता. ही तक्रार खरी आहे, पण ज्याला शाळेत बुद्धिमत्तेच्या पेपरची गोडी होती त्याच्यासाठी ती तक्रार नव्हेच.

तिसरं: रिव्ह्यूची तारीख बघा

'एल. ए. न्वार' २०११ साली आला. संशयिताचा चेहरा वाचून तो खरं बोलतोय का ते ठरवायचं, हे त्यातलं नवल. तेव्हाच्या रिव्ह्यूंमध्ये चेहऱ्यांचं भरभरून कौतुक आहे आणि 'संशय' या बटणावर वैताग आहे. बटण दाबावं सौम्य शंका म्हणून, तर आपला डिटेक्टिव्ह समोरच्यावर एकदम खेकसायचा. २०१७ साली गेम नव्यानं आला तेव्हा ती बटणं बदलून चांगला पोलीस, वाईट पोलीस आणि आरोप अशी केली. जुना रिव्ह्यू वाचून नवी आवृत्ती घेणाऱ्यानं हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आणखी एक. समीक्षकाला गेम बहुतेकदा बाजारात यायच्या आधी मिळतो. तेव्हा यूट्यूबवर उत्तरं नसतात आणि रिव्ह्यू द्यायची घाई असते. चार दिवसांत संपवायचा म्हणून जो गेम त्याला संथ वाटला, तो तुम्हाला रोज रात्री अर्धा तास खेळताना बरोबर वेगाचा वाटू शकतो.

चौथं: नाराज लोकांचं आधी वाचा

स्टीमवर अंगठा खाली असलेले रिव्ह्यू तेवढेच वेगळे काढून वाचता येतात, आणि लिहिणारा किती तास खेळला तेही तिथंच दिसतं. पाऊण तास खेळून 'बोअर' लिहिणाऱ्याला सोडून द्या. सात-आठ तास खेळून नाराज झालेला माणूस कामाचा. त्याच्या लिहिण्यात फरक एवढाच करायचा: 'मला सुचलं नाही' म्हणतोय, की 'खूण दिलेलीच नव्हती' म्हणतोय? पहिलं असेल तर गेम तुमच्यासाठी कदाचित उत्तम असेल. दुसरं चार-पाच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं असेल, तर हात आखडता घ्या.

पाचवं: इंग्रजी किती झेपेल?

याबद्दल परदेशी समीक्षक लिहीत नाही, कारण त्याला तो प्रश्नच पडत नाही. आपल्याकडं मराठी माध्यमातून आलेल्यांना तो पहिला पडतो. 'हर स्टोरी' (२०१५) हा गेम घ्या: एका बाईच्या पोलिस जबाबाचे व्हिडिओ, आणि आपण शब्द टाइप करून ते शोधायचे. एका शब्दाला कितीही क्लिप सापडोत, बघायला पहिल्या पाचच मिळतात. म्हणजे सगळा खेळ नेमका शब्द सुचण्यावर. माझा भाचा बारावीला ९० च्या घरात मार्क घेतलेला, तरी अर्ध्या तासात म्हणाला, "मामा, काय टाकावं तेच कळंना झालंय." हुशारीचा प्रश्नच नव्हता, शब्दांचा होता. रिव्ह्यूत 'उच्चारातले बारकावे', 'श्लेष', 'भरपूर संवाद' असं काही दिसलं तर दोघा-तिघांनी मिळून खेळायचं ठरवा. एकानं माऊस धरायचा, एकानं वहीत टिपायचं, एकानं डिक्शनरी. हे गेम एकट्यापेक्षा असेच जास्त रंगतात.

सहावं: डाउनलोड आणि लॅपटॉप

रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर 'एल. ए. न्वार'चे सोळा जीबी उतरवायचे म्हणजे आठवडा गेला. साइज आणि किमान रॅम रिव्ह्यूत शोधू नका, दुकानाच्या पानावर खाली असते.

सातवं: पहिले दोन तास नीट वापरा

स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. डिटेक्टिव्ह गेमची सुरुवात बहुधा शिकवण्यात जाते, तेवढ्यावर निकाल देऊ नका. शिकवणी संपल्यावरचं पहिलं खरं प्रकरण दोन तासांच्या आत गाठा. लाइट जायची वेळ टाळून बसा आणि उठताना गेम बंद करा. नुसता चालू ठेवलेला वेळही त्या दोन तासांत धरला जातो.

शेवटी: तुमचाही रिव्ह्यू लिहा

आपल्या लोकांनी लिहिलेलं फार कमी सापडतं. स्टीमवर मराठीत टाइप केलेलं चालतं. कुठल्या कोड्यावर किती वेळ गेला, इशारा घ्यावा लागला का, इंग्रजी जड गेलं का, साध्या लॅपटॉपवर चाललं का, एवढ्या चार ओळी पुरे. खुन्याचं नाव मात्र लिहायचं नाही. लिहायचंच असेल तर स्पॉइलर टॅगच्या आत, म्हणजे क्लिक केल्याशिवाय ते कुणाला दिसत नाही.