घरात स्टिंक बग शिरलेत? या चुका टाळा

सप्टेंबर संपत आला की न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडच्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास पडतो, पडद्यावर बसलेला तपकिरी, ढालीसारखा किडा आणि खाली "अरे हे ढेकूण आहेत का??" नाही हो. हा चावत नाही, घरात अंडी घालत नाही, नुसता थंडी काढायला आलाय. मिशांवर पांढरे पट्टे दिसले की समजा हा स्टिंक बगच. मूळचा चीन, जपान, कोरियाकडचा, अमेरिकेत पहिल्यांदा 1998 ला पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनमध्ये सापडला आणि 2010 मध्ये तर या पट्ट्यातल्या सफरचंदवाल्यांना सुमारे 3.7 कोटी डॉलरला बुडवलं.

पहिली चूक म्हणजे चपलेने चिरडणं. जो वास सुटतो ना, कोथिंबीर कुजल्यासारखा, आणि गंमत नाही, त्यातला एक घटक खरंच कोथिंबिरीतही असतो. मी त्याहून शहाणा, घरातल्या रोजच्या व्हॅक्यूमने ओढले, मग पुढचे कित्येक दिवस व्हॅक्यूम चालू केला की अख्ख्या हॉलमध्ये तोच वास. त्यापेक्षा डब्यात पाणी आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घ्या, डबा किड्याच्या खाली धरा आणि वरून हलकेच ढकला, बहुतेक वेळा सरळ आतच पडतो.

घरात स्प्रे किंवा फॉगर (अख्ख्या खोलीत कीटकनाशकाचा धूर सोडणारा डबा) मारणं ही सगळ्यात महागडी चूक. भिंतीच्या आत मेलेले किडे खायला कार्पेट बीटल, म्हणजे गालिचे आणि लोकरीचे कपडे कुरतडणारे बारीक भुंगे, येतात, आणि फटी तशाच असल्याने उद्या नवे स्टिंक बग हजर! फटी बुजवायच्या त्या ऑगस्टअखेर, बाहेरून, म्हणजे खिडक्यांच्या कडेला सिलिकॉन, ॲटिकच्या (छताखालच्या माळ्याच्या) हवेच्या झरोक्याला जाळी, आणि खिडकीतला एसी काढून ठेवायचा, त्याच्या बाजूने तर रांगच लागते. ऑक्टोबरमध्ये जागे झालात तर निदान आतून दिव्यांभोवतीच्या, बेसबोर्डच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीच्या) फटी तरी भरा.

अजून एक, स्टिंक बगला वासाने ओढणारा ट्रॅप टोमॅटोच्या कुंडीशेजारी टांगू नका, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पण बोलावून आणतो आणि सगळेच काही ट्रॅपमध्ये जात नाहीत, उरलेले टोमॅटोवर. सालीखाली पांढरे स्पंजसारखे डाग दिसले तर यांनीच सोंड खुपसलीय, तेवढा भाग कापा, बाकीची कोशिंबीर करा. उन्हाळ्यात पानं उलटून बघत जा, पंचवीस-तीस फिकट अंड्यांचा पुंजका दिसला की पानासकट साबणाच्या पाण्यात.

आणि जे आत आलेच त्यांच्यासाठी रात्री अंधाऱ्या खोलीत फॉइलच्या ट्रेमध्ये साबणाचं पाणी, वर एक टेबल लॅम्प. आमच्याकडे सकाळी बुडालेले मोजायचं काम मुलाने स्वतःहून घेतलंय.