शॉट मारायचा की पास द्यायचा? अपेक्षित गुणांचा हिशोब

बास्केटबॉलमध्ये बास्केट झाली तर मिळणारे गुण गुणिले ती होण्याची शक्यता, म्हणजे त्या शॉटचे अपेक्षित गुण. १५ फुटांवरून टू, म्हणजे दोन गुणांचे शॉट, ४० टक्के जात असतील तर शॉटमागे ०.८० गुण पडतात. थ्री, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट, ३५ टक्केच गेले तरी १.०५. थ्रीची टक्केवारी टूच्या दोन-तृतीयांशाहून जास्त असली की थ्री फायद्याचा. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) कोर्टवर थ्रीची रेषा ६.७५ मीटरवर आहे, कोपऱ्यात ६.६०. त्या रेषेच्या जेमतेम आत उभं राहून मारलेला शॉट सगळ्यात महागात पडतो: अंतर जवळपास तेवढंच, गुण एक कमी.

टक्केवारी सामन्यातली घ्या, सरावातली नको. सरावात अंगावर डिफेंडर नसतो. प्रत्येक शॉटची जागा, समोर हात होता का आणि शॉट क्लॉकवर (शॉट घ्यायची २४ सेकंदांची मुदत दाखवणाऱ्या घड्याळावर) किती सेकंद उरले होते, हे लिहून ठेवा. १००पैकी ३५ गेले तरी खरी क्षमता २५ ते ४५ टक्क्यांत कुठेही असू शकते, त्यामुळे २० शॉटवरून कुणाला नेमबाज ठरवू नका.

ड्राइव्हचा, म्हणजे चेंडू टप्पे देत बास्केटकडे घुसण्याचा, हिशोब हमखास चुकतो. समजा, एका खेळाडूचे १० ड्राइव्ह: दोनदा चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे गेला, दोनदा फाउल मिळून चार फ्री थ्रो (अडथळ्याविना मारायचे एकेका गुणाचे शॉट; ७५ टक्क्यांनी ३ गुण), उरलेल्या ६ शॉटपैकी ३ आत (६ गुण). एकूण ९, म्हणजे ड्राइव्हमागे ०.९०. नुसते शॉट पाहिले तर हाच आकडा १.०० दिसतो.

आता तुलना. २४पैकी १६ सेकंद शिल्लक असताना ०.८५चा शॉट सोडा, कारण संघाला सरासरी एका चढाईत ०.९५ मिळत असतील तर पास देणंच बरं. ४ सेकंद उरले की तोच शॉट बिनधास्त घ्या.

सरासरी बरोबर असूनही एखादा दिवस वाईट जातो. अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या २०१८च्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलच्या सातव्या सामन्यात ह्यूस्टन रॉकेट्सचे सलग २७ थ्री हुकले. शॉट मोकळे होते की घाईचे, एवढंच तपासा. मोकळे असतील तर योजना बदलू नका.

शेवटच्या शॉटला मात्र अपेक्षित गुण नव्हे, जिंकण्याची शक्यता मोजा. दोन गुणांनी मागे असताना ५० टक्क्यांचा टू आत गेला तरी फक्त बरोबरी आणि ओव्हरटाइम (जादा वेळ) देतो. तिथे निम्मी संधी धरली तर विजय २५ टक्के. ३३ टक्क्यांचा थ्री थेट ३३ टक्के देतो. एकच गुण मागे असाल तर थ्रीच्या जादा गुणाचा उपयोग नाही. जो आत जाण्याची शक्यता सर्वाधिक, तोच शॉट घ्या.