रात्रीच्या कॉलला गाडीने दगा देऊ नये म्हणून

मी पाटण तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. लोक डॉक्टरच म्हणतात. 2014 ची स्प्लेंडर, मागे कॅरिअरला बांधलेली औषधांची पेटी आणि कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्या, असं माझं काम. रात्री दोनला फोन वाजतो, "डॉक्टर, गाय अडलीया, नुसतं पायच दिसत्यात." त्या वेळी कुठलंही गॅरेज उघडं नसतं आणि गोठ्यात माणसं कंदील घेऊन वाट बघत असतात. म्हणून गाडीचं जे जे आपल्या हाताने बघता येतं, ते मी स्वतः बघायला शिकलो. ज्याला रोज दुचाकीवरच पोटापाण्यासाठी फिरायचं आहे, त्या प्रत्येकाला हे यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी चेन, कारण तिनेच मला एकदा रस्त्यात सोडलं. चेन-स्प्रॉकेट नवीन टाकून आठवडाही झाला नव्हता. मोरगिरीकडे एका कॉलला निघालो होतो, पाऊस धो धो. एका चढाला खाडकन आवाज झाला, इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी जागेवर. चेनलॉकची क्लिप निसटून चेन कव्हरच्या आत गोळा झाली होती. चाक जाम झालं नाही हे नशीब. पेटी डोक्यावर घेऊन मी चार किलोमीटर चालत गेलो. गाय वाचली, वासरू गेलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने सांगितलं, बसवणाऱ्याने क्लिप उलटी लावली होती.

ही क्लिप कशी बघायची ते नीट समजून घ्या. चेनच्या जोडावर एक छोटी पत्र्याची क्लिप असते, माशाच्या आकाराची. तिची एक बाजू बंद असते, दुसरी फाटलेली. चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला बंद बाजू पाहिजे. मासा डोकं पुढे करून पोहतो, तसंच. उलटी बसली तर एखादा खडा किंवा काडी फाटलेल्या तोंडात अडकते आणि क्लिप उचकटते. स्प्लेंडरला चेन पूर्ण झाकलेली असते, त्यामुळे एकदा कव्हर बसलं की काही दिसत नाही. म्हणून गॅरेजात उभं राहायचं आणि म्हणायचं, "मिस्त्री, कव्हर लावायच्या आधी जरा लॉक दाखवा." कुणी रागावत नाही. रागावलं तरी बघायचंच.

चेनचा ताण बघायला कव्हरवर एक रबरी बूच असतं. गाडी डबल स्टँडला लावा, न्यूट्रल करा, बूच काढून बोटाने चेन वर-खाली करा. साधारण 25 ते 30 मिलिमीटर हलली पाहिजे, म्हणजे दीड बोटाएवढी. मग मागचं चाक थोडं फिरवून परत बघा, अशा चार जागा. एका जागी ढिली आणि दुसऱ्या जागी ताठ लागली तर चेन एकसारखी झिजलेली नाही. ती कितीही ओढली तरी बसत नाही, बदलावीच लागते. ओढायची असेल तर चाकाचा एक्सल नट सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखे फिरवायचे. दोन्हीकडच्या खुणा एका रेषेत आल्या नाहीत तर चाक तिरकं बसतं आणि गाडी एका अंगाला ओढते. आणि हे विसरू नका: चाक मागे सरकलं की मागच्या ब्रेकचा रॉडही ताणला जातो. चेन ओढल्यावर ब्रेक परत सेट करायचाच. तेलासाठी मी गिअरचं 90 नंबरचं ऑइल वापरतो. चिखल असेल तर आधी रॉकेल किंवा डिझेलने पुसून घ्यायची. पेट्रोलने धुऊ नका.

ब्रेकचं बघायला तर पानाही लागत नाही. ड्रम ब्रेकच्या झाकणाजवळ, जिथे ब्रेकचा दांडा बसतो, तिथे एक छोटा बाण असतो आणि झाकणावर एक खूण. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेला जाऊन टेकला की लायनर, म्हणजे आत ड्रमला घासणारे पट्टे, संपले. मग नट कितीही आवळा, ब्रेक लागल्यासारखा वाटेल पण ऐनवेळी गाडी थांबणार नाही.

टायरला मी आठवड्यातून एकदा हवा बघतो, सकाळी, गाडी फिरायच्या आधी. तापलेल्या टायरची हवा जास्त दाखवते. माझ्या गाडीला पुढे 25 आणि मागे 28, मागे माणूस असेल तर मागच्या चाकात जास्त. तुमच्या गाडीचे आकडे गाडीच्या पुस्तकात असतात, पंपावरच्या पोराच्या अंदाजावर जाऊ नका. टायरच्या कडेला एक लहान त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत नक्षीच्या खाचेत रबराचा उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की पाऊस सुरू व्हायच्या आत टायर बदला. दोन महिने काढू, असं म्हणणारी माणसं मी ओल्या डांबरावर पडलेली बघितली आहेत.

ऑइलबद्दल थोडक्यात. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, गाडी डबल स्टँडला सरळ उभी करा, थोडं थांबा. ऑइल मोजायची दांडी काढून, पुसून परत नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत, मग बघायची. ऑइल दोन खुणांच्या मधे हवं. मी 3000 किलोमीटरला बदलतो, कारण माझी गाडी रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढते.

आता चालवण्याचं. कामानिमित्त मला महिन्यातून एक-दोनदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जावं लागतं. तिथे पोरं पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडतात. हे कधीही करू नका. न्यूट्रलमध्ये गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतो आणि पोफळीच्या अलीकडे कुठल्या तरी वळणावर ब्रेक दाबला तरी गाडी पळतच राहते. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. क्लच सोडलेला, इंजिन घुमतंय, ब्रेक अधूनमधून दाबून सोडायचा. तो सतत दाबून धरायचा नाही. जुलैत धुकं असं असतं की पुढच्या चाकापलीकडे दिसत नाही, तेव्हा डावीकडची पांढरी पट्टी धरायची आणि हॉर्न देत उतरायचं.

ओढ्यावरून पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल, तर गाडी घालू नका. कॉल कितीही महत्त्वाचा असो, मी परत फिरतो आणि फोन करून काय करायचं ते सांगतो. पाणी घोट्याएवढं आणि रस्ता ओळखीचा असेल, तर पहिला गिअर, एकसारखा रेस, मध्ये थांबायचं नाही. पलीकडे गेल्यावर ब्रेक लागणार नाहीत, कारण ड्रममध्ये पाणी असतं. हळू चालवत दोन्ही ब्रेक हलके हलके दाबत राहायचं, शंभर-दोनशे मीटरमध्ये सुकतात.

नोव्हेंबर ते मार्च कराड-पाटण रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. कित्येकींना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाखाली झाकलेला. समोरून गाडीचा अप्पर डोळ्यावर आला की मधली ट्रॉली गायबच होते. त्या पाच महिन्यांत रात्री मी चाळिशीच्या वर जात नाही. आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढं दिसतं, तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, एवढा साधा हिशेब ठेवायचा. आणि आपणही मागच्याला दिसलो पाहिजे. माझ्या पेटीला मागून लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवलेली आहे. संध्याकाळी घरातून निघताना गाडीची पाठ भिंतीकडे करून आधी हाताचा, मग पायाचा ब्रेक दाबतो. दोन्ही वेळा भिंतीवर लाल उजेड पडला पाहिजे. बऱ्याच गाड्यांचा एका ब्रेकचा स्विच गेलेला असतो आणि मालकाला पत्ताच नसतो.

हेल्मेट आयएसआय मार्कचंच, आयएस 4151 लिहिलेलं. घेताना पट्टा लावून मागची कड धरून वर-पुढे ओढा. डोक्यावरून निघालं तर तो साइज तुमचा नाही. पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट पडताना माणसाच्या आधी उडून जातं. काच पांढरीच घ्या, काळी नको, आणि ओरखडे आले की काच बदला. रात्री समोरचा दिवा प्रत्येक ओरखड्यावर फुटतो आणि काही दिसत नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी आतला थर्मोकोल दबलेला असतो. ते परत डोक्यावर नको, मुलाच्या तर नकोच.

लायसन्स, इन्शुरन्स आणि पीयूसी मोबाइलमध्ये डिजिलॉकरला ठेवा, तारखा मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

माझ्या पेटीत औषधांच्या खाली एक वेगळी प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात नवा प्लग आणि प्लगपाना, क्लचची एक जादा केबल, दोन पाने, पक्कड, चेनलॉक आणि कोरडं फडकं. पावसात गाडी अचानक बंद पडली तर मी आधी प्लगची टोपी काढून आतून-बाहेरून कोरडी करतो. बऱ्याचदा तेवढ्यावरच पहिल्या-दुसऱ्या किकला इंजिन लागतं. टॉर्च हातातली नको, कपाळाला बांधायची घ्या. प्लग काढतानाही दोन्ही हात मोकळे लागतात आणि गोठ्यात गेल्यावर वासरू फिरवतानाही.