रेग्युलेटरचे होज: तपासणी आणि बदल

स्कूबा डायव्हिंगच्या रेग्युलेटरचा, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासायोग्य दाबावर आणणाऱ्या उपकरणाचा, होज (लवचिक नळी) मधेच फुटण्याचे प्रसंग कमी. तो खराब होतो टोकाशी, रबर धातूच्या कॉलरमध्ये शिरते तिथे. नेमकी हीच जागा संरक्षक बाहीखाली झाकलेली असते आणि आत मीठ साचत राहते. म्हणून बाही मागे सरकवा, होज हलकेच वाकवा आणि चिरा, फुगवटा, हिरवट गंज शोधा. यातले काहीही दिसले तर होज बाद. दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडून सगळे पाण्यात बुडवा. रबरी होजच्या आवरणाला मुद्दाम बारीक छिद्रे ठेवलेली असतात, त्यामुळे एखाददुसरा बुडबुडा दिसला म्हणून घाबरू नये. सलग माळ सुटली तर मात्र बदला. विणलेल्या आवरणाचे होज फसवे. काहींचे पॉलियुरेथेनचे अस्तर आतून स्फटिकासारखे कडक होऊन हवेची वाट अडवते, आणि बाहेरून होज नवाकोरा दिसतो. पाच वर्षे झाली की, दिसायला कसाही असो, नवा घ्यावा.

बदलताना सिलिंडर बंद करा, पर्ज बटण (तोंडाशी असलेल्या भागावरचे, अडकलेली हवा सोडणारे) दाबून दाब पूर्ण उतरवा, गेजचा (दाबमापकाचा) काटा शून्यावर आला की रेग्युलेटर सिलिंडरवरून काढा. दाब असताना पाना लावायचा नाही. रेग्युलेटरवर होज बसवायच्या भोकांना पोर्ट म्हणतात: लो-प्रेशर (कमी दाबाच्या) पोर्टचे आटे बहुधा ३/८ इंची, हाय-प्रेशरचे (सिलिंडरच्या पूर्ण दाबाच्या, गेजसाठीच्या) ७/१६ इंची. काही जुन्या फर्स्ट स्टेजवर (सिलिंडरवर बसणाऱ्या भागावर) दोन्ही ३/८ इंचीच असतात, तिथे पोर्टवरची खूण वाचल्याशिवाय काहीही बसवू नका. लो-प्रेशर होजवर टाकीचा पूर्ण दाब आला तर तो फुटेल.

फर्स्ट स्टेजच्या टोकाला लो-प्रेशरसाठी ०११ आणि हाय-प्रेशरसाठी ०१२ क्रमांकाची ओ-रिंग (जोड हवाबंद करणारी रबरी कडी) लागते, सेकंड स्टेजच्या (तोंडात धरायच्या भागाच्या) टोकाला ०१०. जुनी रिंग परत वापरू नये. सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवा, थर नको. ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन वापरत असाल तर सिलिकॉन चालत नाही, ऑक्सिजनला चालणारेच ग्रीस हवे.

आटे बोटांनीच शेवटपर्यंत फिरवा, अडकले तर उलटे फिरवून पुन्हा सुरुवात करा. पाना शेवटी, आणि तोही सुमारे ४.५ न्यूटन-मीटरपर्यंतच. हवा अडवण्याचे काम ओ-रिंगचे, आवळण्याचे नाही. जास्त जोर लावला तर पितळेचा जोड तुटू शकतो. सेकंड स्टेजला दुसऱ्या पान्याने आधार द्या, नाहीतर आतली नळीच फिरते आणि लावलेली सेटिंग बिघडते.

गेजच्या मानेपाशी बुडबुडे येत असतील तर दोष बहुधा होजचा नसून आतल्या स्पूलचा (गेज आणि होज जोडणाऱ्या बारीक नळीचा) असतो. त्यावर ००३ क्रमांकाच्या दोन इवल्याशा रिंगा असतात, स्पूल बदलला की काम भागते.

शेवटी गेजची काच स्वतःपासून दूर वळवून व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, सगळे जोड पाण्यात तपासा. मग व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटे थांबा. काटा खाली सरकला तर कुठेतरी गळती उरली आहे.