साइट हलवायची, तीही टर्मिनलमधूनच

माझ्याकडे अकरा डोमेनची राखण आहे. दोन माझी, बाकीची ओळखीच्यांची, 'तुला त्यातलं कळतं ना' म्हणत गळ्यात पडलेली. प्रत्येक डोमेनच्या नावाची एक साधी टेक्स्ट फाइल मी ठेवते, आणि कशालाही हात लावण्याआधी त्या डोमेनची आजची अवस्था तिच्यात उतरवून घेते. डोमेन-कंपनीच्या पॅनेलचा (सेटिंग्जच्या पानाचा) स्क्रीनशॉट त्यासाठी पुरत नाही. पॅनेल सांगतं ते त्या कंपनीच्या डेटाबेसात काय आहे ते. बाहेरच्या जगाला काय दिसतंय, ते टर्मिनलला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीला, विचारावं लागतं.

साइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायची असेल तर मी काय काय करते, ते सांगते. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं. उदाहरणाला एक्झाम्पल.कॉम घेते, १९९९ पासून हे नाव अशाच दाखल्यांसाठी राखून ठेवलेलं आहे.

सुरुवात 'हूइज एक्झाम्पल.कॉम' ने, म्हणजे डोमेनची नोंदणी-माहिती विचारून. उत्तर लांबलचक येतं, पण त्यात तीनच गोष्टी बघायच्या: मुदत कधी संपते, नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी सांगणारे सर्व्हर) कोणते, आणि स्टेटस काय. स्टेटसमध्ये 'क्लायंट ट्रान्स्फर प्रोहिबिटेड' दिसलं तर दचकू नका. ते कुलूप आहे, रजिस्ट्रार (डोमेन जिथे नोंदवलंय ती कंपनी) बदलायचा नसेल तर लागलेलंच बरं. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट-कॉमसारख्या डोमेनसाठी हूइज पुरवण्याचं बंधन उरलेलं नाही, त्याची जागा आरडॅप या नव्या पद्धतीने घेतली आहे. हूइज गप्प बसलं तर हे चालवा:

कर्ल -एसएल एचटीटीपीएस://आरडॅप.ऑर्ग/डोमेन/एक्झाम्पल.कॉम | जेक्यू

(एस छोटा, एल मोठा. कर्ल पत्त्यावरचं उत्तर आणून देतो, जेक्यू ते वाचण्याजोगं मांडतो.) मुदत महिन्याभरावर आली असेल तर आधी नूतनीकरण करा, साइट मग हलवा. दोन्ही धावपळी एकाच आठवड्यात नकोत.

आता डिग, म्हणजे डीएनएसला (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला) प्रश्न विचारणारी कमांड. सगळ्या नोंदी एका दमात मिळतील म्हणून 'एनी' विचारायचा मोह होतो, पण आजकाल बरेच सर्व्हर त्याला जेमतेम एक ओळ देऊन वाटेला लावतात. म्हणून एकेक प्रकार वेगळा विचारायचा: ए आणि एएएए (सर्व्हरचा आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ पत्ता), एमएक्स (मेल कुठे द्यायचा), टीएक्सटी (मोकळा मजकूर), एनएस (नेमसर्व्हर), सीएए (सर्टिफिकेट कोणी द्यावं), डीएस (त्याचं खाली येतंच).

डिग +शॉर्ट एक्झाम्पल.कॉम एमएक्स >> एक्झाम्पल.टीएक्सटी

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मेल आणि डीकेआयएम (पाठवलेल्या मेलवरची सही तपासायची नोंद) या उपनावांसाठीही हेच. उपनावांची यादी डिग आपणहून देत नाही, तेव्हा पॅनेलमधून झोन फाइल (डोमेनच्या सगळ्या नोंदींची फाइल) उतरवून घ्या आणि तिच्यातली नावं एकामागून एक पडताळा.

हा खटाटोप मी शिकले तो फटका खाऊन. एका डोमेनचे नेमसर्व्हर बदलले, नव्या ठिकाणी ए रेकॉर्ड घातला, साइट उघडली आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. एमएक्स घालायचं राहिलं होतं. एमएक्स नसेल तर पाठवणारा सर्व्हर मेल थेट ए रेकॉर्डच्या पत्त्यावर द्यायला जातो, आणि तिथे होता माझा वेबसर्व्हर, ज्याला मेल घ्यायचं दारच नव्हतं. दीड दिवस एकही मेल आला नाही. नशीब एवढंच की पाठवणारे सर्व्हर लगेच हार मानत नाहीत, रांगेत ठेवून पुन्हापुन्हा प्रयत्न करतात. एमएक्स घातल्यावर सगळी टपाल एकदम येऊन कोसळली.

डीएस रेकॉर्डकडेही लक्ष असू द्या. तो असेल तर डोमेनवर डीएनएससेक, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही, चालू आहे. डीएस तसाच ठेवून नेमसर्व्हर बदलले तर सही जुळत नाही आणि सही तपासणाऱ्या रिझॉल्व्हरकडून (लोकांच्या वतीने नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरकडून) 'सर्व्हफेल' ही चूक येते. आधी डीएस काढा, त्याचा टीटीएल (उत्तर साठवून ठेवायची मुदत) उलटू द्या, मगच पुढे.

टीटीएलपाशी जरा थांबते, कारण सगळं घोडं इथेच अडतं. 'प्रोपगेशनला ४८ तास लागतात' हे वाक्य मला मुळीच आवडत नाही. काहीही कुठेही पसरत नसतं. रिझॉल्व्हरांनी तुमचं जुनं उत्तर जवळ ठेवलेलं असतं आणि त्याची मुदत संपली की ते पुन्हा विचारायला येतात, इतकंच. ही मुदत म्हणजे टीटीएल. ४८ तासांचा आकडा बघायचा असेल तर डॉट-कॉमच्या नेमसर्व्हरांनाच विचारा: तुमच्या एनएस नोंदीपुढे १७२८०० सेकंद दिसतील, म्हणजे बरोबर ४८ तास. तो आकडा तुमच्या हातात नाही. ए रेकॉर्डचा टीटीएल मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे. म्हणून डीएनएस जिथे आहे तिथेच राहणार असेल आणि फक्त होस्टिंग बदलणार असेल, तर नेमसर्व्हरला हातच लावू नका.

डिग +नोऑल +आन्सर एक्झाम्पल.कॉम ए

नावानंतरचा आकडा तो टीटीएल. पुन्हा चालवलं की तो घटलेला दिसेल, कारण रिझॉल्व्हर उरलेली मुदत सांगतो. मूळ आकडा हवा तर '@' लावून थेट तुमच्या नेमसर्व्हरला विचारा. तो ८६४०० असेल तर साइट हलवायच्या दोन दिवस आधी ३०० करा. आदल्या तासाला कमी करून उपयोग नाही. ज्यांनी काल उत्तर घेतलंय ते ८६४०० चीच मुदत धरून बसलेत.

आणि हो, नवं उपनाव तयार करण्याआधी 'दिसतंय का बघू' म्हणून आपल्या नेहमीच्या रिझॉल्व्हरला विचारू नका. 'असं नाव नाही' हे उत्तरसुद्धा साठवलं जातं, आणि ते किती वेळ टिकेल हे एसओए ही झोनची मूळ नोंद ठरवते.

फाइली नेण्याचं काम त्यामानाने सरळ आहे. एसएसएचच्या (दूरच्या सर्व्हरवर शिरायच्या कमांडच्या) कॉन्फिग फाइलमध्ये दोन्ही सर्व्हरना 'जुना' आणि 'नवा' अशी टोपणनावं द्या, आणि नव्या सर्व्हरवरून:

आरसिंक -एव्हीझेड जुना:/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/साइट/ /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/साइट/

पहिल्या पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ विसरलात तर साइटच्या पोटात आणखी एक साइट तयार होते. दुसऱ्या फेरीत '--डिलीट' (जुन्याकडे नसलेल्या फाइली नव्यावरून पुसणारा पर्याय) लावणार असाल तर आधी '-एन' लावून नुसती रंगीत तालीम बघा. तो पर्याय उलट्या दिशेने चालवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. डेटाबेसची प्रत काढायला मायएसक्यूएलडम्प, '--सिंगल-ट्रान्झॅक्शन' सह.

एचटीटीपीएसचं सर्टिफिकेटही आत्ताच न्या. /ईटीसी/लेट्सएन्क्रिप्ट हे अख्खं फोल्डर आरसिंक -ए ने उचला. आतल्या 'लाइव्ह' मध्ये खऱ्या फाइली नसून सिमलिंक (दुसरीकडच्या फाइलकडे बोट दाखवणारे दुवे) असतात. एससीपीने नेलं तर त्यांच्या जागी साध्या फाइली बसतात आणि सर्टिफिकेट काढून देणारा सर्टबॉट पुढे रुसतो.

यानंतरची पायरी माझी सगळ्यात लाडकी. डीएनएस न बदलताच नवा सर्व्हर खऱ्या नावाने तपासता येतो:

कर्ल -आय --रिझॉल्व्ह एक्झाम्पल.कॉम:४४३:२०३.०.११३.१० एचटीटीपीएस://एक्झाम्पल.कॉम/

(आय मोठा; २०३.०.११३.१० च्या जागी तुमच्या नव्या सर्व्हरचा पत्ता.) म्हणजे कर्लला सांगायचं, या एका नावासाठी डीएनएसला विचारू नकोस, हाच पत्ता धर. २०० आलं तर ठीक. ३०१ आलं तर दुसऱ्या पत्त्यावर पाठवणी आहे, 'लोकेशन' ची ओळ वाचा. ५०२ आलं तर एनजिनएक्स हा वेबसर्व्हर जागा आहे, त्याच्या मागचं ॲप झोपलंय. ही सगळी दुरुस्ती जुनी साइट चालू असताना, चहूबाजूंनी फोन न येता होते.

मग बदल. पुरवठादाराच्या एपीआयने करा किंवा स्वतःचं बाइंड (नेमसर्व्हरचा प्रोग्राम) असेल तर झोन फाइलमध्ये. झोन फाइलमध्ये दोन गोष्टी हमखास चुकतात: सीरियल (फाइलचा आवृत्ती-क्रमांक) वाढवायचा राहतो, त्यामुळे दुय्यम सर्व्हर नवी फाइल उचलतच नाही; आणि नावाच्या शेवटचा टिंब राहतो, मग मेल.एक्झाम्पल.कॉमचं मेल.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम होऊन बसतं. नेम्ड-चेकझोन ही तपासणीची कमांड चालवा आणि त्याने छापलेला सीरियल स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. टिंबाचं मात्र तो दर वेळी बोलेलच असं नाही, ते तुम्हीच बघा. ए बरोबर एएएए सुद्धा बदला. तो जुनाच राहिला तर आयपीव्ही६ वाले जुन्या सर्व्हरवर जात राहतात, आणि 'मला तर नवीच साइट दिसते' या वादात अख्खी संध्याकाळ जाते.

तपासताना आधी स्वतःच्या नेमसर्व्हरला विचारा, मग @१.१.१.१ आणि @८.८.८.८ या क्लाउडफ्लेअर आणि गूगलच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरना. पहिलाच चुकीचं सांगत असेल तर चूक तुमची. पहिला बरोबर आणि बाकीचे जुनं सांगत असतील तर टीटीएल संपायची वाट बघा, आणखी काही बदलत सुटू नका.

नाव नव्या सर्व्हरकडे वळलं की 'सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन' करा. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, त्यामुळे नूतनीकरण बिघडलं असेल तर ते आज नाही, सगळं विसरून गेल्यावर कळतं. तालीम न करता खरीच कमांड पुन्हापुन्हा मारू नका, तासाभरात पाच पडताळण्या फसल्या की त्या नावाला काही काळ थांबवतात.

जुना सर्व्हर मी आठवडाभर चालू ठेवते आणि तिथे 'टेल -एफ' लावून ॲक्सेस लॉग बघते. टीटीएल संपल्यानंतरही काही बॉट जुना पत्ता धरून येतच राहतात, त्यांची दखल घेत नाही. माणसांची ये-जा थांबली की शेवटची आरसिंक तालीम करते, मागे काही राहिलं नाही ना ते बघते, सर्व्हर बंद करते, टीटीएल परत ३६०० वर नेते आणि टेक्स्ट फाइलमध्ये नवा पत्ता आणि तारीख लिहिते.