हेडलाइटची काच आतून धुरकट झाली असेल तर

दोन रविवार मी हेडलाइट बाहेरून घासत बसलो होतो. आधी टूथपेस्ट, मग शेजारच्या काकांनी दिलेलं रबिंग कंपाउंड. बाहेरून काच लखलखीत झाली, धुरकटपणा मात्र जागचा हलला नाही. मळ आत होता. २०२४ च्या ऑगस्टअखेर वडोदऱ्यात विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं, तेव्हा गाडी बंपरच्या वरपर्यंत बुडली होती. इंजिन, सीटा, वायरिंग यांची कामं झाली, दिव्यांकडे कोणी पाहिलंच नाही. आतलं पाणी कधीतरी वाळलं आणि काचेवर गाळाची साय धरून राहिली. गॅरेजवाल्याला विचारलं तर, "साहेब, आखी लाइट ज बदली नाखो ने." म्हणजे अख्खा दिवाच बदलून टाका. दोन दिव्यांची किंमत ऐकली आणि पाना मीच हातात घेतला.

तुम्ही माझ्यासारखे रविवार घालवू नका. आधी काचेवर ओला फडका फिरवा. ओली असताना काच स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा पांढुरकी झाली, तर बिघाड बाहेरचा आहे. आपण काच म्हणतो ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. त्यावरचा लेप उन्हाने गेला की ते पिवळं पडतं, आणि त्यावर पॉलिशचा उपाय चालतो. ओल्या काचेतूनही धूसर पट्टे, वाळलेल्या थेंबांचे डाग किंवा माती दिसली, तर मळ आतला आहे. पुढचं सगळं त्यासाठी.

हे घरी जमतं ते मागून बल्ब निघणाऱ्या साध्या हॅलोजन दिव्यांचं. पूर्ण बंद एलईडी दिवा असेल तर आत शिरायला वाटच नसते. झेनॉन असेल तर त्याला हात लावू नका, तिथे व्होल्टेज फार जास्त असतं.

दिवा काढण्याआधी एक काम करा, नंतर ते जमणार नाही. संध्याकाळी गाडी भिंतीपासून काही अंतरावर सपाट जागी उभी करा, दिवे लावा आणि उजेडाची वरची कड जिथे पडते तिथे भिंतीवर चिकटपट्टी लावा. चाकं कुठे होती त्याची खडूने खूण करा.

मग बॅटरीची ऋण बाजू, म्हणजे काळी वायर, सोडवा. बऱ्याच गाड्यांत दिवा दोन-तीन बोल्टवर असतो आणि दहाचा पाना पुरतो. काहींत बंपर सैल करावा लागतो. क्लिपा ओढून काढायला जाऊ नका, जुन्या प्लास्टिकची क्लिप तुटायला वेळ लागत नाही. कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, काढा, मागचं रबरी झाकण काढा, तारेची स्प्रिंग सोडवून बल्ब बाहेर घ्या. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नाही: बोटाचं तेल लागलं की तिथे जास्त तापून बल्ब लवकर जातो. इंडिकेटरचे आणि पार्किंगचे छोटे बल्बही काढा. उजेड वर-खाली करणारी छोटी मोटर मागे असेल तर तिला पाणी लागणार नाही असा दिवा धरा.

आता धुणं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका आणि बल्बच्या भोकातून दिवा अर्धा भरा. लगेच हलवू नका. वाळलेला गाळ म्हणजे बारीक रेतीच, आधी भिजला नाही तर काचेवर ओरखडे उठतात. पंधरा मिनिटं थांबा, मग पाणी हळू घोळवून ओता. माझं पहिलं पाणी बिनदुधाच्या चहासारखं निघालं, पाणी स्वच्छ यायला चार फेऱ्या लागल्या. शेवटच्या दोन धुण्यांना बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा. नळाच्या पाण्याचे क्षार वाळून पुन्हा डाग पडतात, म्हणजे केलेली मेहनत फुकट.

एवढ्याने बरंचसं निघतं. तरीही काचेला चिकटून राहिलेल्या पट्ट्यासाठी लोहचुंबक लागतं. एक छोटं पण जोरदार चुंबक मऊ मायक्रोफायबरच्या तुकड्यात दोन पदरांत गुंडाळा, वर दोरा पक्का बांधा आणि दोऱ्याचं टोक बाहेर ठेवून ते भोकातून आत सोडा. दुसरं चुंबक बाहेरून फडक्यावर धरा. आतलं बरोबर येऊन चिकटतं आणि बाहेरचं फिरवाल तसं फिरतं. अक्षरशः कठपुतळीचा खेळ! माझी मुलगी अर्धा तास सोडायला तयार नव्हती. फडका ओलाच हवा. कोपऱ्यात काच वळते तिथे चुंबक सुटून खाली पडतं, तेव्हा दोरा कामाला येतो.

थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही आत घालू नका. अ‍ॅसिटोनने आणि थिनरने पॉलिकार्बोनेटला जाळीसारखे तडे जातात.

आणि रिफ्लेक्टरला, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीला, हात नाही. त्यावरची चांदी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो. उजव्या दिव्यात मला तिथे एक ठिपका दिसला, मी कानात घालायचा कापूस ओला करून हळूच फिरवला. ठिपका तसाच राहिला, चांदीवर पेन्सिलीच्या शिसाएवढी काळी रेघ उमटली. आजही वाकून पाहिलं की ती दिसते. रिफ्लेक्टर फक्त पाण्याने खळबळायचा, उरलेला डाग सोडून द्यायचा.

वाळवण्यात घाई करू नका. भोकं खाली करून पाणी निथळू द्या, दिवा दोन दिवस उन्हात ठेवा, हेअर ड्रायर वापरलात तर थंड हवेवर. शेवटी बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या दोऱ्याला बांधून रात्रभर आत लटकवा. सकाळी आठवणीने काढा, नाहीतर बल्बच्या उष्णतेने पुडी जळेल.

बसवण्याआधी पाणी आत कुठून येतं ते पाहा. पूर नसतानाही धुरकट झाला असेल तर हे जास्तच गरजेचं. बहुतेक वेळा मागचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं. ते नवीन स्वस्तात मिळतं. रबर चांगलं असेल तर भोकं बंद करून काच आणि दिव्याचा मागचा प्लास्टिकचा डबा यांच्या सांध्यावर पाण्याची बारीक धार सोडा आणि आत थेंब कुठे उगवतो ते बघा. तिथे न्यूट्रल सिलिकॉन भरा. साधं सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, ती वाफ चांदी खाते. मागची हवेची छोटी नळी किंवा जाळी मात्र कधीच बुजवू नका, दिवा तिच्यातूनच श्वास घेतो.

दिवा बसवा, बॅटरी जोडा, खडूच्या खुणेवर गाडी उभी करून उजेड चिकटपट्टीशी जुळतो का पाहा. वर गेला असेल तर मागच्या स्क्रूने खाली आणा, नाहीतर समोरून येणाऱ्यांच्या शिव्या खाव्या लागतील.

पावसाळी सकाळी आत पातळ वाफ दिसली तर पुन्हा पाना शोधू नका. दिवे लावून अर्धा-पाऊण तास गाडी चालवली की ती जायला हवी. थेंब होऊन ओघळायला लागली, तर सांध्यावर अजून कुठेतरी भेग आहे.