रुखवतातली पुस्तकांची मांडणी: मी केलेल्या या चुका टाळा

भाचीच्या रुखवतात ठेवायला सागवानाची मांडणी केली. सहा फूट उंच, तीन फूट रुंद. काम खानापुरात, भर श्रावणात. मार्गशीर्षात लग्न झालं, मांडवात कौतुकही झालं. सासर अथणीला. मार्चमध्ये फोन आला, "मामा, बाजूची फळी तडकली की हो!"

चूक माझीच. आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या दोन टोकांची हवा दोन तऱ्हेची. खानापूरकडे पावसाळ्यात वाळलेली फळीसुद्धा ओल पिते. अथणीचा उन्हाळा ती सगळी शोषून घेतो. लाकूड रेषांच्या दिशेनं जवळपास बदलत नाही, आडवं मात्र आक्रसतं. बारा इंच रुंदीची सागवानी फळी दोन-तीन मिलिमीटर सहज. मी खणांखालच्या आडव्या पट्ट्या बाजूच्या फळ्यांना भरपूर फेव्हिकॉल लावून, वर चार-चार स्क्रू मारून आवळल्या होत्या. फळीचे रेषे उभे, पट्टीचे आडवे. फळी आक्रसायला निघाली, पट्टी हलू देईना, मग फळी फाटणारच.

पट्टीला गोंद फक्त पुढच्या टोकाला इंचभर लावा. तिथला एक स्क्रू घट्ट, मागच्या स्क्रूंसाठी पट्टीतली भोकं लांबट कोरा, म्हणजे फळीला सरकायला वाव राहतो. फळ्या आणल्यावर लगेच कापू नका. ज्या घरात मांडणी जायची तिथे, मध्ये काड्या घालून, दोन-तीन आठवडे रचून ठेवा. (भेट गुपित ठेवायची असेल तर हे जमणार नाही, कबूल.) तड गेलीच तर पट्टी सैल करा. उन्हाळ्यात त्यात पुट्टी दाबून भरू नका. पावसात फळी फुगली की ती बाहेर येते.

दुसरी चूक खणांची. पाऊण इंची फळी तीन फूट अधांतरी सोडली. फूटभर पुस्तकांचं वजन आठ-नऊ किलो भरतं. त्याच फळीवर आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर वाक सोळापट होतो. मध्ये एक उभी फळी घाला, नाहीतर खणाच्या पुढच्या कडेखाली दीड इंचाची पट्टी उभी लावा.

पॉलिश पावसात नकोच. लाखेचं पॉलिश दमट हवेत पांढुरकं पडतं. तसं झालंच तर कोरड्या दिवशी स्पिरिटचा बोळा हलक्या हातानं फिरवला की बहुतेक वेळा साफ होतं.

सागात स्क्रू मारताना आधी ड्रिलनं भोक पाडा आणि स्क्रूला साबण लावा. नाहीतर पितळी स्क्रू डोकं मोडून आतच राहतो. पाठ ठोकण्याआधी दोन्ही कर्ण टेपनं मोजा. सारखे नसतील तर जास्त असलेला कर्ण शिकंजात दाबून सरळ करा, पाठीचा प्लाय नंतर. आणि मांडणी भिंतीला चिकटवून ठेवू नका: बोटभर मोकळी जागा आणि वरच्या बाजूला भिंतीला एक अँगल. भाचीचं पोर चालायला लागलंय, खणांवर पाय देऊन चढतंय म्हणे.